जहाज कंपन्यांची जुनी बटणं जमवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त बटणं वाया जातात ती घासण्याने. काळवंडलेलं पितळ दिसलं की आपला हात चिंचेकडे, नाहीतर पितांबरीकडे जातो. समईला ते चालतं, बटणाला नाही. पी. अँड ओ., कुनार्ड अशा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या कोटावरच्या बऱ्याच बटणांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. घासलं की उठावाचे भाग आधी उघडे पडतात: नांगराच्या दोराचे पीळ, कुनार्डच्या सिंहाची आयाळ. गेलेला मुलामा परत येत नाही, आणि नव्याने चढवलेला जाणकाराला लगेच कळतो. मऊ ब्रशने धूळ झटका. हिरवा थर असेल तर भिंगाखाली धरून बांबूच्या काडीने हळूहळू सोडवा. पाण्यात बुडवू नका. दुपदरी बटणात पुढचा पत्रा मागच्यावर दुमडलेला असतो, त्या फटीत शिरलेलं पाणी आतून गंज धरवतं.

दुसरी चूक खिशाला भारी पडते. दुशेपटी झेंड्यात तारा, म्हणजे व्हाइट स्टार या जहाज कंपनीची खूण दिसली, की विकणारा टायटॅनिकचं नाव घेतो. ते जहाज १९१२ मध्ये बुडालं, पण कंपनी आधीही होती आणि १९३४ मध्ये कुनार्डशी एकत्र होईपर्यंत चालली. तिच्या इतर जहाजांवरही हीच खूण होती. कोट कोणाचा, हे सांगणारे कागद नसतील तर टायटॅनिकच्या नावाचा एक रुपयाही जास्त देऊ नका.

बटण आधी उलटं करून बघा. मागे फर्मिन किंवा गॉन्टचं नाव असलं म्हणजे ते जुनंच, असं नाही. या कारखान्यांनी पिढ्यान्पिढ्या बटणं बनवली. नावासोबतचा पत्ता काळ ठरवायला जास्त उपयोगी. ओतीव नकलेत रेषा बोथट असतात, पृष्ठभाग खरबरीत लागतो.

नुसता मुकुट आणि नांगर असेल तर ते बहुधा ब्रिटिश नौदलाचं.

मुंबईच्या दमट हवेत पीव्हीसीच्या पिशव्या नकोतच. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा बरा.

कोकणातले खलाशी, गोव्याचे स्टुअर्ड पी. अँड ओ. आणि बीआयच्या (ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या) बोटींवर पिढ्यान्पिढ्या होते. घरातल्या ट्रंकेत असा कोट सापडला तर बटणं कापून काढू नका, कळकळीने सांगतो. कोट, शिंप्याची चिठ्ठी आणि सीडीसी (बोटीवरच्या नोकरीची नोंदवही) एकत्र ठेवा; बटण कोणाचं, कुठल्या बोटीवरचं, हे त्यातूनच कळेल.