पीकेएक्सेकची फट: जुनं उबुंटू मशीन कसं तपासायचं आणि कसं बुजवायचं

अशोक चौकाजवळ माझा टायपिंग आणि कम्प्युटरचा क्लास आहे. नऊ मशीन, सगळी सेकंडहँड, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. मुलांसाठी ‘विद्यार्थी’ नावाचं साधं खातं, सुडोचा, म्हणजे मालकाचे अधिकार मिळवून देणाऱ्या आज्ञेचा, पासवर्ड फक्त माझ्याकडे. उन्हाळी बॅच चालू असताना सात नंबरच्या मशीनवर मेनूत एक गेम दिसला. मी टाकला नव्हता. तिथे बसणाऱ्या पोराला विचारलं तर तो रडकुंडीला आला. “मी काय केलो नाही ओ मॅडम. मित्रानं फाइल दिलती, ती चालवलो फक्त. डॉलर गेला आणि हॅश आला.”

टर्मिनलमध्ये डॉलर म्हणजे साधा वापरकर्ता आणि हॅश म्हणजे रूट, मशीनचा मालक. पासवर्ड न विचारता डॉलरचा हॅश झाला, की त्याला प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात. सात नंबरवर उबुंटू १८.०४ होतं. ते मी जुन्या पेन ड्राइव्हवरून टाकलं होतं आणि त्यानंतर कधीच अपडेट केलं नव्हतं. चूक माझीच.

फट होती पीकेएक्सेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. दुसरा प्रोग्रॅम रूटच्या अधिकारानं सुरू करून देणं एवढंच त्याचं काम. कुणाला कशाची परवानगी आहे ते ठरवणाऱ्या पोलकिट या व्यवस्थेचा तो भाग आहे आणि उबुंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस या सगळ्यांवर आपोआप येत होता. २५ जानेवारी २०२२ ला क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ही फट जाहीर केली आणि तिला ‘पॉनकिट’ नाव दिलं. अशा फटींच्या जागतिक नोंदीतला नंबर सीव्हीई-२०२१-४०३४. मे २००९ मध्ये पीकेएक्सेक पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हापासून ती आत होती. जवळजवळ तेरा वर्षं!

नेमकं काय चुकलं होतं ते मला आवडतं, म्हणून थोडं थांबून सांगते. माझ्या हजेरीच्या वहीत पानाची पहिली ओळ बॅचच्या नावाची असते, त्यामुळे नावं मी दुसऱ्या ओळीपासून पुकारते. पीकेएक्सेकचंही तसंच. त्याला मिळणाऱ्या यादीत पहिलं नाव त्याचं स्वतःचं, म्हणून तो वाचायला सुरुवात दुसऱ्यापासून करतो. पण कुणी अगदी रिकामी यादी हातात दिली तर? मेमरीत त्या यादीला लागूनच दुसरी यादी असते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे प्रोग्रॅमला सोबत मिळणाऱ्या सेटिंगची. रिकाम्या यादीतलं ‘दुसरं नाव’ म्हणजे त्या शेजारच्या यादीतलं पहिलं. पीकेएक्सेक तेच प्रोग्रॅमचं नाव समजायचा, त्याचा पूर्ण पत्ता शोधायचा आणि तो पत्ता त्याच जागी परत लिहायचा. चुकीचं वाचण्यापेक्षा हे लिहिणं महागात पडलं. रूटच्या अधिकारानं चालणारा प्रोग्रॅम सुरू होण्याआधी सिस्टिम धोकादायक व्हेरिएबल काढून टाकते. या लिहिण्यामुळे तसलं एक व्हेरिएबल मागच्या दारानं परत आत यायचं. मग त्याच्या आधारे पीकेएक्सेकला परक्याची लायब्ररी, म्हणजे बाहेरून लिहून आणलेला कोड, उघडायला लावायची, तीही रूट म्हणून. पुढची कृती सांगत नाही, आपल्याला बुजवायचं आहे.

आता कामाला लागू. आज्ञा मी फोनवर भाच्याला सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी. पीकेएक्सेकचं स्पेलिंग पी-के-ई-एक्स-ई-सी. इथे खूप जण मधे झेड घालतात.

आधी बघा: एलएस -एल /यूएसआर/बिन/पीकेएक्सेक. उत्तराच्या सुरुवातीला आरडब्ल्यूएस दिसलं तर तो ‘एस’ सेटयूआयडीचा. म्हणजे कुणीही चालवला तरी प्रोग्रॅम रूट म्हणून चालतो. ‘एस’ असणं हा दोष नव्हे, पीकेएक्सेकला तो लागतोच. फाइलच नाही असं उत्तर आलं तर या फटीपुरतं तुमचं काम संपलं.

मग आवृत्ती. इथे मीच फसले होते. ‘पीकेएक्सेक --व्हर्जन’ विचारलं की उबुंटू १८.०४ वर ०.१०५ येतं. दुरुस्ती केल्यावरही ०.१०५ च येतं! कारण उबुंटूवाले नवी आवृत्ती न आणता जुन्यातच ठिगळ लावतात. खरी खूण शेपटीत असते. म्हणून ‘डीपीकेजी -एल पॉलिसीकिट-१’ द्या (पोलकिटच्या पॅकेजचं इथलं नाव हेच) आणि पूर्ण आकडा वाचा. १८.०४ वर ०.१०५-२०उबुंटू०.१८.०४.६ किंवा पुढचं हवं, २०.०४ वर ०.१०५-२६उबुंटू१.२ किंवा पुढचं. शेवटचा आकडा यापेक्षा कमी असेल तर फट उघडी आहे. लिनक्स मिंट १९ आणि २० साठीही अनुक्रमे हेच आकडे, कारण आतलं घर उबुंटूचंच.

बुजवायला: सुडो ॲप्ट-गेट अपडेट, आणि मग सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड पॉलिसीकिट-१. मुद्दाम ॲप्ट-गेट लिहिलं आहे, नुसतं ॲप्ट नाही. नुसतं ॲप्ट काम झाल्यावर उतरवलेल्या फाइली पुसतं. ॲप्ट-गेट त्या /व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज मध्ये ठेवतं. क्लासमध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नऊ मशीन अपडेट करायची म्हणजे दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो. एका मशीनवर उतरवा, तिथल्या पॉलिसीकिट आणि लिबपोलकिट नावाच्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्या, बाकीच्या मशीनवर ‘सुडो डीपीकेजी -आय’ नं टाका. लिबपोलकिटच्या फाइली विसरू नका, नाहीतर आवृत्ती जुळत नाही म्हणून तक्रार येते. आणि हो, सगळ्या मशीनवर उबुंटूची आवृत्ती तीच पाहिजे.

अपडेट लगेच जमत नसेल तर तो ‘एस’च काढा: सुडो सीएचमॉड ०७५५ /यूएसआर/बिन/पीकेएक्सेक. क्वालिसनं हाच तात्पुरता उपाय सुचवला होता. पण पुढे पॅकेज पुन्हा बसलं की ‘एस’ परत येतो. कायम काढलेला ठेवायचा तर सुडो डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड --अपडेट --ॲड रूट रूट ०७५५ /यूएसआर/बिन/पीकेएक्सेक. मी सगळ्या नऊ मशीनवर अपडेटही केलं आणि हेही. क्लासच्या पोरांना रूटचं कामच काय?

आता अवघड प्रश्न: कुणी आधीच घुसलं होतं का? सुडो झेडग्रेप पीकेएक्सेक /व्हार/लॉग/ऑथ.लॉग* असं शोधा. शेवटची चांदणी जुन्या, दाबून ठेवलेल्या लॉगसाठी. शेल व्हेरिएबलची किंमत शेल्सच्या फाइलमध्ये सापडली नाही, किंवा एखाद्या व्हेरिएबलमध्ये संशयास्पद मजकूर आहे, अशा अर्थाची ओळ दिसली तर कुणीतरी प्रयत्न केला आहे. सात नंबरवर अशा तीन ओळी होत्या, तिन्ही एकाच दुपारच्या. मात्र ओळ नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. खूण न ठेवताही हे करता येतं, आणि उबुंटूत हा लॉग साधारण चार आठवड्यांचाच उरतो.

म्हणून आणखी दोन ठिकाणं बघा. ‘गेटएंट ग्रुप सुडो’ दिलं की सुडो कुणाकुणाला आहे ते कळतं. माझ्याकडे तिथे ‘विद्यार्थी’ आरामात बसला होता. आणि सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -पर्म -४००० -टाइप एफ नं मुख्य पार्टिशनवरच्या सेटयूआयडीच्या सगळ्या फाइलींची यादी येते. त्यातली एखादी /टेम्प किंवा /होम मध्ये असेल तर ती चांगल्या हेतूनं ठेवलेली नाही. दोन्हींपैकी काहीही सापडलं तर साफसफाईच्या नादी लागू नका. मुलांच्या फाइली काढून घ्या, डिस्क पुसा, नव्यानं टाका. रूट मिळालेल्या माणसानं अजून कुठे काय ठेवलं हे शोधत बसणं म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत पडलेलं नाणं शोधणं. त्या मशीनवर टाइप केलेले पासवर्डही बदला. मी वायफायचा आणि स्वतःच्या मेलचा बदलला.

नव्यानं टाकताना १८.०४ नको. त्याचा नेहमीचा पाठिंबा मे २०२३ मध्येच संपला. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल; त्याच्या ५.१८ आवृत्तीपासून रिकामी यादी द्यायलाच बंदी झाली आहे, कर्नल स्वतः त्यात एक रिकामं नाव भरतो. डेबियन १२ मध्ये तर पीकेएक्सेक वेगळं पॅकेज झालं, नको असेल तर सरळ काढून टाकता येतं.

जाता जाता सुडोही तपासा. साध्या खात्यातून ‘सुडोएडिट -एस /’ द्या. उत्तर ‘यूसेज’ नं सुरू झालं तर ठीक, ‘सुडोएडिट:’ नं सुरू झालं तर २०२१ च्या जानेवारीत उघडकीला आलेली दुसरी फट तुमच्याकडे उघडी आहे.

‘एस’ काढल्यावर मेनूतून जीपार्टेड, म्हणजे डिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम, उघडत नाही, कारण तो पीकेएक्सेकमार्फतच सुरू होतो. पार्टिशनचं काम निघालं की मी पोरं गेल्यावर माझ्या खात्यातून टर्मिनल उघडते आणि ‘सुडो जीपार्टेड’ म्हणते.