लेकी बोले सुने लागे: आफ्रिकन पॉप्युलर कल्चरचा अभ्यास सुरू कसा करायचा

सगळ्यात आधी विषय छाटा. पन्नासच्या वर देश आहेत राव, "आफ्रिकेची लोकप्रिय संस्कृती" म्हणून बसलात तर जन्म जाईल. एक गाव, एक वस्तू घ्या. समजा झांझिबारचा (टांझानियातलं बेट) कांगा.

कांगा म्हणजे बायका नेसतात ते छापील सुती कापड, जोडीने विकतात, चारी बाजूंनी काठ, मधे नक्षी आणि खाली तिथल्या स्वाहिली भाषेत एक ओळ. त्या ओळीला म्हणतात जिना, म्हणजे नाव (आपला चढायचा जिना नव्हे). आता बहुतेक जण काय करतात, ओळ ॲपमध्ये टाकतात, अर्थ उतरवून घेतात, झाला अभ्यास. इथेच फसतं. ओळ कारखान्यात छापली असली तरी बोलते ती नेसणारी, आणि टोमणा सवतीला आहे की शेजारणीला हे ती कुणासमोर, कधी नेसून गेली त्यावरून कळतं, आणि विचारलं तर म्हणणार रंग आवडला म्हणून घेतला! आपलं लेकी बोले सुने लागे, सेम टू सेम. म्हणून अर्थाआधी हे टिपा: कुणी दिला, समोर कोण होतं, तिचा चेहरा कसा झाला.

तारब म्हणजे तिथलं वाद्यवृंदासोबत गायचं संगीत, त्याच्या गाण्यांनाही हेच लावा. ऐन एका ओळीला प्रेक्षकांतली बाई उठते आणि गाणारीला पैसे देते, ती ओळ कुठली ते लिहून ठेवा. जुनं गाणं असेल तर वांधा होतो, कारण रेकॉर्डमध्ये प्रेक्षक नसतात. तारब गायिका सिती बिंती साद १९२८ मध्ये रेकॉर्डिंगला चक्क मुंबईला आली होती, पण इतिहासकार लॉरा फेअर यांनी नुसत्या तबकड्यांवर भागवलं नाही, झांझिबारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं की ही गाणी कुणाबद्दल होती.

मग दुसरा प्रदेश. तिकडे उत्तर न्यायचं नाही, प्रश्न न्यायचा. नायजेरियातल्या कानोत हिंदी सिनेमे प्रचंड चालायचे, मानववंशशास्त्रज्ञ ब्रायन लार्किन यांनी त्यावर बरंच लिहिलंय, आणि आपण तेवढ्यावरच खूश होतो की बघा, बॉलिवूड पोचलं. पण तिथले बंदिरी (डफासारख्या वाद्यावरची सूफी भक्तिगीतं) गाणारे हिंदी गाण्याची चाल घेऊन हौसा भाषेत पैगंबरांची स्तुती गातात. आता विचारा, हे कुणाला ऐकवायचंय? इथे सवत नाही, टोमणा नाही. भक्ती आहे, आणि चाल ऐकून ज्याला थिएटर आठवतं तो पोरगाही आहे.