लोकांकडून कल्पना मागवताय? मग निदान या चुका टाळा

पंचायत असो, पालिका असो की एखादं सरकारी खातं, 'नागरिकांनी आपल्या अभिनव कल्पना पाठवाव्यात' असा फलक दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. कल्पना मागवण्याला माझा विरोध नाही. हौसेने का होईना, बरीच वर्षं मी हेच करत आलोय: चिठ्ठ्या गोळा करायच्या, वाचायच्या, त्यांचे गठ्ठे लावायचे आणि मग 'त्याचं पुढे काय झालं?' असं विचारणाऱ्यांना तोंड चुकवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळ खातं.

माझ्या डोक्यात बसलेली पहिली चूक म्हणजे 'काहीही सुचवा'.

गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या एका गावात आम्ही ही चूक थाटामाटात केली. तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, रंगवलेली पेटी, वर लिहिलेलं 'गावाच्या विकासासाठी तुमची कल्पना'. पंधरा दिवसांत दोनशेच्या वर चिठ्ठ्या आल्या आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. मग वाचायला बसलो. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत विजेचा खांब, खड्डे, भटकी कुत्री आणि कचरा. पाच-सहा जणांनी शेजाऱ्याच्या कुंपणाची तक्रार केलेली. एकाने 'गावात विमानतळ करा' लिहिलं होतं. तो चेष्टा करत होता की नाही, ते अजून ठरलेलं नाही. त्यात लोकांची चूक नव्हती. आम्ही मोघम विचारलं, त्यांना जे टोचत होतं ते त्यांनी सांगितलं. पण त्या तक्रारी सोडवणं आमच्या हातात नव्हतं आणि कल्पना म्हणून पुढे नेण्यासारखं त्यांत काही नव्हतं. पेटी गेली पंचायतीच्या मागच्या खोलीत. पावसाळ्यानंतर उघडली तेव्हा अर्धे कागद वाळवीने खाल्ले होते.

पुढच्या वर्षी एकच प्रश्न विचारला: 'जुलैत देवळाजवळच्या वळणावर पाणी तुंबतं, ते कुठून येतं?' एवढाच. उत्तरं आली एकोणीस. त्यातलं एक भाजी विकणाऱ्या एका बाईंचं, वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेला नकाशा. जुना व्हाळ, म्हणजे ओढा, कुठून वाहायचा, शेताची मेर, म्हणजे बांध, कुठे, व्हाळ नेमका कोणत्या घराच्या आवाराखाली मातीने बुजवला गेला आणि रस्त्याखालची मोरी त्यापुढे कशी अपुरी पडते, सगळं बाणांनी दाखवलेलं. वर्षभर कंत्राटदार 'सर्वेक्षण चालू आहे' म्हणत होता. ते या बाईंनी भाजीचा टोपला बाजूला ठेवून अर्ध्या तासात उरकलं होतं.

त्यामुळे माझी सवय अशी: प्रश्नात एक जागा, एक अडचण आणि एक मुदत नसेल तर मी पेटीला हात लावत नाही. घाई करणाऱ्यांना हे फार संकुचित वाटतं. वाटू दे.

घाई करणारे हमखास एक उदाहरण फेकतात. २०१४ मध्ये मायगव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हाची स्पर्धा झाली आणि कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा गांधीजींचा चष्मा निवडला गेला. त्याच्या चार वर्षं आधी रुपयाचं चिन्हही खुल्या स्पर्धेतून आलं, उदय कुमार यांचं. मग आपणही स्पर्धा घेऊ की! अहो, चित्र हवं होतं, चित्र आलं, निवड समितीने एक उचललं, संपलं. तुमच्या गावच्या कचऱ्याला बोधचिन्ह नको आहे. तिथे बक्षीस देऊन एकाला मोकळं करता येत नाही, कारण कल्पना राबवणारे हात दुसऱ्यांचेच असतात.

बाकी काही चुका पटापट सांगून टाकतो.

सुरुवातीलाच ॲप बनवू नका. पेटी, ग्रामसभा आणि एक फोन नंबर एवढ्यावर काम भागतं की नाही ते आधी बघा.

फॉर्म फक्त इंग्रजीत ठेवू नका. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात जागा राहिली. लोक तर त्याखेरीज रोमी, म्हणजे रोमन, लिपीतल्या कोकणीतही लिहितात. सगळं स्वीकारा आणि वाचायला तीन माणसं बसवा. दोन भाषा येणारा आणि मीच सगळं वाचतो म्हणणारा माणूस तिसरीतलं हमखास टाळतो.

चवथीच्या (गणपतीच्या), शिगम्याच्या (होळीच्या) किंवा भातलावणीच्या दिवसांत काहीही मागवू नका.

नावाची सक्ती करू नका. व्हाळ कोणी बुजवला ते गावात सगळ्यांना माहीत असतं. ते नाव घेऊन लिहायची हिंमत किती जणांना होईल, विचार करा.

लोकांच्या मतावर नाव ठरणार असेल तर सांभाळून. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका संशोधन जहाजाला नाव सुचवायला सांगितलं, मतदानात 'बोटी मॅकबोटफेस' हे थट्टेचं नाव पुढे गेलं. शेवटी जहाजाला निसर्गावरच्या माहितीपटांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचं नाव मिळालं आणि बोटी एका छोट्या पाणबुडीच्या वाट्याला आलं. ज्याला नाही म्हणायचं आहे त्याने आधीच 'ही शिफारस आहे, निर्णय आमचा' असं लिहून ठेवावं.

आता दुसरी मोठी चूक, जिच्यावर माझा खरा राग आहे. उत्तर न देणं.

त्या बाईंचा नकाशा आम्ही पुढे पाठवला. तीन महिने शांतता. कारण सोपं होतं: ज्या आवाराखाली व्हाळ गेला होता ते आवार कोणाचं, हे फाईल उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कल्पना चांगली होती म्हणूनच ती अडकली. दर रविवारी बाजारात त्या मला अडवायच्या: "म्हज्या चिठयेचें कितें जालें?" आणि मी भाजी न घेताच पुढे सटकायचो. आज सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची.

लोकांचा अविश्वास हवेतून येत नाही. गोव्यात त्याला इतिहास आहे. कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या, २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या 'प्रादेशिक आराखडा २०११'विरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कुरैया ज्यात होते ते कृतिदल बसलं, मसुदा गावागावांत गेला, ग्रामसभांनी नकाशे पसरून एकेक सर्व्हे नंबर तपासला आणि सूचना लिहिल्या. एवढं सगळं होऊन २०१२ मध्ये आराखडा स्थगित ठेवला गेला. त्या सभांना बसलेल्या माणसाला तुम्ही आज 'आपल्या कल्पना द्या' म्हणालात तर तो हसतो. त्या हसण्याला तुम्ही उदासीनता म्हणता.

यावर बार्सिलोनाने एक साधी गोष्ट केली आहे. तिथल्या डेसिदिम या खुल्या संगणक प्रणालीवर आलेल्या सूचनेला प्रशासन स्वीकारली की नाकारली ते सांगू शकतं आणि कारण सूचनेखालीच लिहू शकतं, सगळ्यांना दिसेल असं. नाकारलेल्या सूचनेखालचं कारण मला जास्त मोलाचं वाटतं.

आमच्याकडे डेसिदिम नाही, माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. चार रकाने: सूचना, तारीख, कोणाकडे गेली, काय उत्तर गेलं. चौथा रकाना महिनाभर कोरा राहिला तर मी सचिवाच्या टेबलासमोर जाऊन बसतो. चहा मिळतो, बहुतेक वेळा उत्तरही मिळतं. 'पैसे नाहीत' हे उत्तर आहे. 'हे आमच्या अधिकारात येत नाही, साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) पाठवलं' हेसुद्धा. 'विचाराधीन आहे' हे उत्तर मी वहीत लिहून घेत नाही, रकाना कोराच ठेवतो.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि ग्रामसभा बहुतेक रविवारी भरते. कोणतंही पोर्टल उघडण्याआधी तिथे जाऊन मागच्या वर्षीच्या सूचनांचं काय केलं ते वाचून दाखवा. शिव्या बसतील. बसू द्या, मग पेटी ठेवा. मी ओळखतो त्या बहुतेक उत्साही मंडळींना ही पायरी गाळायची असते आणि त्यांच्याकडे थेट स्टार्टअप, हॅकेथॉन, पारितोषिक आणि फोटो असा क्रम तयार असतो.

मोरीचं काम शेवटी झालं, पुढच्या उन्हाळ्यात. व्हाळाला कोणी हात लावला नाही, पण नवा मोठा पाईप बसला. पहिल्याच पावसात पाणी पुन्हा साचलं, थोडं कमी. मी बाईंकडे गेलो तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, पाईप हातभर वर बसवलाय, तो खाली घ्यायला हवा होता, मी लिहिलं होतं ना. मी घरी येऊन चिठ्ठीची प्रत काढली. नकाशा होता त्याच पानाच्या मागे तीन ओळी होत्या. कार्यालयात चिठ्ठ्या संगणकावर चढवणाऱ्या मुलाने फक्त पुढची बाजू टंकली होती, आणि मी त्याचं काम तपासलं तेव्हा मीही पान उलटलं नव्हतं.