हरलात तरी हिशेब द्या

नगरसेवक व्हायचं म्हणताय, तर प्रभागरचना, आरक्षणाची सोडत, उमेदवारी अर्ज हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. मी एका कागदाबद्दल लिहितेय. त्या कागदाने माझी 3 वर्षं खाल्ली.

महापालिकेची पहिली निवडणूक मी अपक्ष लढले आणि पडले. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याचे, रिक्षा-भोंग्याचे पैसे चुकते केले, पोरांना हात जोडले आणि घरी येऊन झोपले. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हे कानावर होतं. पण पडलेल्या माणसाला कोण विचारतंय? ज्यांना मी गुरू मानत होते, ते माजी नगरसेवकही हेच म्हणाले. नोटीस आली, ती ड्रॉवरमध्ये गेली. मग राज्य निवडणूक आयोगाचा आदेश आला: 3 वर्षं अपात्र. त्याच काळात आमच्या प्रभागात पोटनिवडणूक लागली. वस्तीतल्या बायका दारात आल्या, म्हणाल्या, "ताई, या वेळी तुम्हीच." मला मान वर करून बघता आलं नाही.

तेव्हा नीट ऐका. हिशेब प्रत्येक उमेदवाराने द्यायचा. जिंकलेल्याने, हरलेल्याने, डिपॉझिट गेलेल्याने, सगळ्यांनी. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं उघडा. रोजचा खर्च त्याच रात्री लिहा, मग कितीही पाय दुखोत. चहा-नाष्ट्याचं, पत्रकांचं, भोंग्याचं बिल जागच्या जागी घ्या. "नंतर देतो" म्हणणारा निकालानंतर फोन उचलत नाही. हिशेब दिलात की सही-शिक्क्याची, तारखेची पोच घ्या. पोच नाही म्हणजे हिशेब दिलाच नाही, असंच धरून चाला.

घाबरू नका मात्र. एक वही आणि एक फाइल, एवढंच लागतं. दुसऱ्या वेळी माझी वही धाकट्या बहिणीने सांभाळली आणि मी निवडून आले.

नेत्याच्या गाडीत मागे बसून तिकीट मिळतं, असं सांगणारे खूप भेटतील. मिळतही असेल. पण तिथे काम शिकायला मिळत नाही. मला काम शिकवलं क्षेत्रीय कार्यालयातल्या एका निवृत्त लिपिकाने आणि पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनने. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी येतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यामागे वर्षभर फिरा.

निवडून आल्यावर आणखी एक धक्का बसतो: कामाचा आदेश काढायचा अधिकार तुमच्याकडे नसतो, प्रशासन आयुक्त चालवतात. गल्लीतलं गटार अंदाजपत्रकात आलं नाही तर त्या वर्षी विसरा. आलं तरी एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर यांत महिने जातात आणि लोक तुमच्याच दारात उभे असतात. खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत 16 जणच बसतात, त्यामुळे बाकीच्यांना पाठपुराव्यावरच जगावं लागतं. मानधनावर घर चालत नाही. नोकरी किंवा धंदा सोडू नका. 2022 पासून कितीतरी महापालिकांत निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी प्रशासकच कारभार बघत होते. ती वर्षं मी शिकवण्यांवर काढली.

सभागृहात एकटं पडायची भीती मलाही वाटायची. 1876 ते 1882 या काळात जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी भर सभेत विरोध केला होता. पहिल्यांदा एका ठरावाविरुद्ध हात वर केला, तेव्हा माझा हात थरथरत होता. तरी माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला आणि त्याची प्रत मागून आणली.