हेपारिनने कॅन्सर थांबतो अशी बातमी आली तर ती कशी वाचायची

घरात कॅन्सरचा पेशंट असला की असले फॉरवर्ड हमखास येतात, आणि आपल्या माणसासाठी जीव तुटत असतो म्हणून लगेच विश्वास बसतो. हेपारिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आणि त्याचे प्रकार असतात, म्हणून सगळ्यात आधी बघा की बातमी कुठल्या हेपारिनची आहे. पोटावर रोज टोचतात ते एनॉक्सापॅरिन किंवा डाल्टेपॅरिन, ते रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतं. बदललेलं हेपारिन वेगळं, हेपारिन म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी, तिच्यावरचे काही सल्फेट काढतात नाहीतर साखरेची कडी केमिकलने उघडतात, मग ते अँटिथ्रॉम्बिनला, म्हणजे रक्त गोठणं रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला, नीट धरत नाही, रक्तस्रावाची भीती कमी होते आणि डोस वाढवता येतो. काम मात्र चालू राहतं, म्हणजे पेशींभोवतीचं जाळं कुरतडून कॅन्सरला वाट करून देणारं हेपरानेज नावाचं एन्झाइम अडवायचं.

मग बघा प्रयोग कोणावर झालाय. उंदीर असतील तर अजून खोलात जा, कारण बऱ्याचदा कॅन्सरच्या पेशी शेपटीच्या शिरेतून सोडतात आणि हेपारिन त्याच्या जरा आधीच दिलेलं असतं. फुप्फुसात गाठी कमी होतात हे खरंय, पण आपला पेशंट डॉक्टरकडे पोचतो तोवर पेशी कधीच्या पसरलेल्या असू शकतात, आणि नेमकं हेच बातमीत नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

माणसांवरची ट्रायल असेल तर एकच विचारा, पेशंट जास्त जगले का? ब्रिटनमधल्या फ्रॅगमॅटिक ट्रायलमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 2,202 पेशंटपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत डाल्टेपॅरिन दिलं, गुठळ्या कमी झाल्या पण आयुष्य वाढलं नाही, निकाल 2016 मध्ये छापून आला. नेक्युपॅरानिब तर मुद्दाम बदललेलं हेपारिन, स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर त्याची ट्रायल चालू होती, फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून तीही 2016 मध्येच थांबवली. संशोधन वाया गेलं असं मी म्हणत नाही, पण आज मेडिकलमधून आणून टोचावं असं यात काही नाही.

तरी आशा वाटत असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या साइटवर भारतातल्या ट्रायल फुकट बघता येतात, तिथे औषधाचं नाव टाका, पेशंट भरती चालू आहे का बघा आणि प्रिंट घेऊन ऑन्कोलॉजिस्टना दाखवा.

आणि कृपया, चालू असलेलं इंजेक्शन स्वतःच्या मनाने वाढवू नका, बंदही करू नका. शी काळी डांबरासारखी झाली, लघवीतून रक्त आलं किंवा अचानक जोरात डोकं दुखायला लागलं तर पुढच्या डोसची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.