जुन्या स्पोर्ट्‌स कारचा रंग बदलायचाय? आधी दारं उघडा

रंग बदलायचा म्हणून कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये गाडी आणली की मी आधी दोन्ही दारं, बॉनेट आणि डिकी उघडायला सांगते. बाहेरून एक फेरी मारून दर सांगता येतो, पण तो दर खरा नसतो. दाराच्या आतल्या कडा, बिजागरीमागचा कोपरा, डिकीची पन्हळ, इंजिनभोवतीची जागा, रबरी बीडिंगखालची पट्टी, इथं रंग बदलण्याचं निम्मं काम असतं. आहे त्याच रंगात गाडी परत मारायची असेल तर या जागा पुसून सोडल्या तरी भागतं. लालाची पांढरी करायची असेल तर नाही भागत. दार उघडलं आणि आत लाल दिसलं, की गाडीला नुसतं पांघरूण घातल्यासारखं वाटतं. म्हणून पेंटरकडून दर घेताना आतल्या जागांचा दर वेगळा लिहून घ्या. जो पेंटर तो वेगळा सांगत नाही, त्यानं त्या जागा धरलेल्याच नसतात.

मागच्या हंगामात कागलच्या एका पोरानं सॅन स्टॉर्म आणली होती. नव्वदीच्या अखेरीस आपल्या देशात बनलेली ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. इंजिन रेनोचं, 1149 सीसी, आणि बॉडी सगळी फायबरची. आता फार थोड्या उरल्यात. आली तेव्हा लाल होती, उन्हानं गुलाबी पडलेली. पोराचा हट्ट एकच, "काळीच करूया की ओ अक्का." मी काळी करू दिली नाही. फायबरच्या गाडीला गडद रंग दिला की उन्हात ती फार तापते. मे महिन्यात भर दुपारी काळ्या बॉनेटवर तळहात टेकवून बघा, म्हणजे कळेल. सारखं तापून फायबरमधलं रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट राळेसारखा पदार्थ, मऊ पडतं आणि आतल्या मॅटची, म्हणजे काचधाग्यांच्या चटईची, वीण हळूहळू वर उमटते. रंग कितीही गुळगुळीत मारलेला असू दे, वर्ष-दोन वर्षांत तिरक्या उजेडात जाळी दिसायला लागते. शेवटी आम्ही दुधाळ पांढऱ्यावर आलो. पत्र्याच्या गाडीला ही अडचण नाही. तिथं काळा हवा तर काळा मारा, फक्त काळ्यात प्रत्येक ओरखडा दिसतो एवढं धरून चाला.

रंग निवडताना शेडकार्डावर विसंबू नका. हातभर पत्र्याचा तुकडा घ्या, त्यावर प्रायमर, रंग, क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, असं सगळं मारून घ्या. तो तुकडा दुपारी बाराच्या उन्हात, दिवेलागणीला आणि ट्यूबलाइटखाली गाडीजवळ उभा करून बघा. मेटॅलिक रंग या तिन्ही वेळेला तीन दिसतात. पुढं कधी एका दाराला ठोकर बसली तर साध्या रंगाचा टचअप जुळतो, मेटॅलिकचा जुळवताना जीव जातो. जुन्या, वळणदार गाडीला मी तरी साधाच रंग सुचवते. तिची वळणं साध्या रंगात जास्त उठून दिसतात.

भगव्या-केशरीची हौस कोल्हापुरात पुष्कळांना आहे. शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची भगवी मेबॅक मोटार लहानपणापासून बघितलेली असते, मग तसाच रंग हवा असतो. जरूर घ्या. पण केशरी, पिवळा आणि लाल हे रंग झाकायला कमजोर. करड्या प्रायमरवर मारले तर चार हात देऊनही खालचा करडेपणा डोकावतो आणि नुसता रंग जाडावत जातो. त्यांच्याखाली आधी पांढरा किंवा रंग बनवणाऱ्या कंपनीनं त्या शेडसाठी सांगितलेला अस्तराचा रंग द्यावा लागतो. रंग पुरता झाकला की नाही हे डोळ्यांवर सोडू नका. काळे-पांढरे चौकोन छापलेली कागदी पट्टी रंगाच्या दुकानात मिळते. ती गाडीबरोबरच रंगवा. चौकोन दिसायचे थांबले की रंग झाकला.

हिरवा घ्यायचा असेल तर ऑलिव्ह ग्रीन टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो की तो रंग फक्त संरक्षण दलांच्या गाड्यांना. आणि रंग कुठलाही असू दे, आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत विचारून अर्ज करा आणि झाल्यावर नव्या रंगाची नोंद करून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची हरकत नाही असं पत्र लागतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघाताच्या वेळी कागदावर लाल आणि रस्त्यावर पांढरी असा घोळ होतो. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण जवळ आलं असेल तर दोन्ही कामं एका वेळी धरा, गाडी तपासणीला न्यावीच लागते. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते. तिचं लॉक एकदा बसवलं की मोडल्याशिवाय निघत नाही. अजून बसवली नसेल तर आधी रंग, मग प्लेट. बसवून झाली असेल तर ती न काढता नीट झाकून घ्यायला सांगा.

हंगामाचं बघा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात रंगकामाचे नव्हेतच. हवेतलं पाणी क्लिअरच्या हार्डनरशी, म्हणजे त्याला कडक करणाऱ्या द्रावणाशी, भांडतं, तकाकी मरते, बारीक फोड येतात. पावसाळा सरला की वाटतं आता मोकळं रान. पण तेव्हाच उसाचा हंगाम लागतो. गुऱ्हाळांच्या चुलवाणांची आणि पेटवलेल्या पाचटाची काळी काजळी वाऱ्यावर कुठल्याकुठं येते, आणि ओल्या पांढऱ्या रंगावर ती पडली तर पुसता येत नाही, घासूनच काढावी लागते. उघड्या शेडमध्ये काम असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंतचा काळ धरा, सकाळी दव वाळल्यावर दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि धूळ उडू नये म्हणून जमीन ओली ठेवा. फिल्टर लावलेली बंद बूथ असेल तर पाऊस सोडून कधीही करा.

आता गाडी खोलायची. लाइट, बंपर, हँडल, आरसे, बीडिंग, काचा, सीट, दारांचे आतले पुठ्ठे, सगळं बाहेर. नुसता मास्किंग टेप लावून काम उरकणारे पुढं त्याच टेपच्या रेघेवर रंग सोलपटताना बघतात. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर मार्करनं नाव लिहा आणि खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. जुन्या गाडीची बीडिंग आणि क्लिपा काढताना तुटतात. नव्या मिळतात का ते आधी बघा. स्टॉर्मसारख्या गाडीच्या मिळत नाहीत, त्यामुळं त्या गरम पाण्यात मऊ करून, प्लास्टिकच्या पट्टीनं उचलून काढाव्या लागतात.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी गाडी धुवा आणि पुसा. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिघडतं. आपल्याकडं सर्व्हिसिंगला गाडीवर डिझेल मारायची खोड आहे, वरून चमकवायला सिलिकॉनचं पॉलिश. तो तेलकटपणा भेगांत आणि जोडांत मुरलेला असतो. आधी घासलं तर तोच पेपरखाली चोळून आत जातो आणि रंग मारताना माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मेण-तेल काढायचं द्रावण दुकानात मिळतं. एका फडक्यानं ते लावा आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचला. फडकी बदलत राहा.

गाडी लाल असेल तर एक परीक्षा घ्या. पांढरं फडकं थिनरमध्ये भिजवून आतल्या कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. स्टॉर्मच्या डिकीत मी हे केलं तेव्हा फडकं जास्वंदीसारखं लाल होऊन आलं. काही जुन्या लाल रंगांतलं रंगद्रव्य थिनरमध्ये विरघळतं आणि नव्या पांढऱ्यातून वर येऊन त्याला गुलाबी करतं. वरून आणखी पांढरा मारून ते थांबत नाही. जुना रंग जमेल तेवढा उतरवायचा आणि उरलेल्यावर दोन भागांचा, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, इपॉक्सी प्रायमर द्यायचा. तो पुरता वाळल्याशिवाय वर काहीही मारू नका.

पत्र्यावरचा रंग उतरवायला पेंट रिमूव्हर चालतो. फायबरवर तो कदापि लावू नका, तो रेझिन खातो. तिथं 180 चा पेपर, मग 320 चा, आणि खालचा जेलकोट, म्हणजे फायबरचा सगळ्यात वरचा गुळगुळीत थर, लागला की थांबायचं. पत्र्याच्या गाडीत या टप्प्याला गंज दिसेल. दारांच्या तळाशी आणि चाकांच्या कमानीत चांगला पत्रा लागेपर्यंत कापा आणि नवा तुकडा झाळून घ्या. गंजावर पुट्टी थापली की तो आतून पुढं खातच राहतो.

फायबरचं दुखणं म्हणजे भेगा. स्टॉर्मच्या दाराच्या बिजागरीपाशी एका टिंबातून चहूकडं फुटलेल्या केसासारख्या रेघा होत्या. वरवर बघितलं तर रंगाच्या वाटतात, पण नाण्यानं टकटक केल्यावर तिथला आवाज पोकळ येत होता. आधी कुणीतरी त्या नुसत्या पुट्टीनं बुजवल्या होत्या आणि पुट्टीसकट त्या परत फुटल्या होत्या. अशी भेग बारीक ग्राइंडरनं व्हीच्या आकारात उघडायची, शेवटच्या टोकापर्यंत. मग आतल्या बाजूनं रेझिन आणि मॅटचे दोन-तीन थर द्यायचे, वरची खाच रेझिननं भरायची आणि पुरतं कडक झाल्यावरच पुट्टीचा पातळ हात. बिजागरीचा बोल्ट सैल असेल तर तो आधी नीट करा, भेगेचं मूळ तिथं असतं. रेझिन विकत घेताना ॲक्सिलरेटर, म्हणजे ते लवकर कडक करणारं रसायन, आधीच मिसळलेलं घ्या. ॲक्सिलरेटर आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो.

पुट्टीनंतर प्रायमर, मग सरफेसरचे, म्हणजे घासून सपाट करायच्या जाड थराचे, दोन-तीन हात. वाळल्यावर त्यावर काळ्या पावडरीचा किंवा काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा द्या आणि लांब लाकडी ठोकळ्याला 400 चा पेपर लावून घासा. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खड्ड्यातला राहतो. हाताला न कळणारा खड्डा इथं डोळ्यांना दिसतो. आमच्या शेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच कामात जातो आणि मला स्वतःला हेच काम सगळ्यात आवडतं. शेवटी 600 चा आणि मग 800 चा पाणी पेपर.

रंगाचा दिवस आला की आधी आतल्या जागा. दारांच्या कडा, डिकीची पन्हळ, बॉनेटची खालची बाजू, इंजिनभोवती. त्या वाळल्या की झाकून बाहेरचं अंग. दारं आणि बॉनेट काढून स्टँडवर मारली तर कडा सगळीकडून झाकल्या जातात. गनला 1.3 मिलिमीटरचं नोझल, अंतर वीतभर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मनगट फिरवू नका, सगळा हात गाडीला समांतर न्या. बेसचे, म्हणजे क्लिअरखालच्या मूळ रंगाचे, दोन-तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये ओली चमक जाईपर्यंत थांबायचं, मग क्लिअरचे दोन. हार्डनर आणि थिनरचं प्रमाण डब्यावर छापलंय तेच, अंदाजानं नाही.

दोन भागांच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल बांधून काही होत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं देणारा मास्क असेल तरच ही गन हातात घ्या. तो नसेल तर तयारीचं सगळं काम घरी करा आणि रंग मारायला गाडी बूथमध्ये न्या. यात मी कुणाचंही ऐकत नाही, आमच्या पोरांचंही नाही.

पत्र्याची गाडी भट्टीत वाळवता येते. फायबर साठ अंशांच्या वर नेऊ नका, मी तर सावलीतच चार-आठ दिवस ठेवते. नखानं दाबून खूण उमटेनाशी झाली की जोडणी सुरू करा. बारीक धूळकण बसलेले असतील तर 2000 चा पाणी पेपर आणि कंपाऊंड म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, कडांवर मात्र मशीन लावू नका, तिथं क्लिअर पातळ असतो. महिनाभर मेण, पॉलिश काही नको आणि फोमचं वॉशिंगही नको. साध्या पाण्यानं धुवा.

उरलेला बेस घट्ट झाकणाच्या डब्यात भरून मागून घ्या. हार्डनर न घातलेला असेल तर तो टिकतो, हार्डनर घातलेला क्लिअर मात्र काही तासांत फुकट जातो. मिक्सिंग मशीनवरून निघालेली फॉर्म्युल्याची चिठ्ठी डब्यावर चिकटवा आणि तिचा एक फोटो आरसीच्या फोटोबरोबर मोबाइलमध्ये ठेवा. महामार्गावर बॉनेटवर खडी उडतेच, तेव्हा हाच डबा लागतो.