बंद पडलेला पंप कचऱ्यात टाकू नका

मे महिन्यात लेकीच्या दंडावरचा पॅच पंप, म्हणजे मधुमेहासाठी अंगाला चिकटवायचा इन्सुलिनचा पंप, दुसऱ्याच दिवशी बोंबलायला लागला. गुहागरचा उकाडा, घामाने पट्टीची कड सुटलेली. रागाच्या भरात मी तो काढून फेकला आणि बदली मागताना तोंडघशी पडले. कंपनीला लॉट नंबर हवा होता, आणि तो नेमका पंपावरच छापलेला!

पण आधी रक्तातली साखर तपासा, तक्रार नंतर. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. ते थांबलं की काही तासांतच कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढू लागतात. म्हणून इन्सुलिनचं पेन, सुया घरात हव्याच, आणि अशा वेळचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेला. उलट्या, पोटदुखी सुरू झाली तर फोन करत बसू नका, दवाखाना गाठा.

मग अलार्मच्या कोडचा आणि लॉट नंबरचा फोटो काढा, पंप डबीत जपून ठेवा; कंपनी तो परत मागू शकते. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. टाळाटाळ झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

पावसात घाटात दरड आली की कुरिअर अडकतं. त्यामुळे जास्तीचे दोन-तीन पंप मी जूनच्या आधीच मागवते.